रायाप्पाचा चौथा चौक

वडूजच्या नाथाजीचा कुणावर विश्वास बसायचा नाही, आणि गाणाऱ्यावर तर मुळीच नाही. पस्तीस वर्षं फडात डफ वाजवलेला माणूस. कवन कसं चोरतात हे त्यानं जवळून पाहिलं होतं: शेवटच्या चौकातलं, म्हणजे कडव्यातलं, कवीचं नाव काढायचं, तिथं आपलं घालायचं. दीडशे वर्षांमागच्या शाहीर रायाप्पाची निम्मी कवनं अशीच परक्या नावांनी गावोगाव फिरत होती. उरलेली नाथाजीच्या ट्रंकेत, हातानं लिहिलेल्या बाडात. बाड सोपवताना नाथाजीचा फडातला गुरू एवढंच म्हणाला होता, "नाव जप."

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात माधवनगरची चार पोरं आणि एक पोरगी टेपरेकॉर्डर घेऊन दारात उभी राहिली. सगळी कापडगिरणीत कामाला. रंगू नावाची ती पोरगी पुढं झाली.

"आजोबा, रायाप्पाचं दुष्काळाचं कवन द्या. नव्यानं बसवणार हाय आमी."

"नव्यानं म्हंजे?"

"डफाऐवजी मागाचा ठेका. अन् नाचाऐवजी खडी फोडायची. भात्तरच्या दुष्काळात माजी आय तेच करत हुती."

"म्हंजे मोडणार."

"मोडतंय कशाला?" आकाराम नावाचा उंच पोरगा म्हणाला. "दीडशे वर्सं टिकलंय न्हवं?"

"तुज्यासारख्यांपासनं लपवलं म्हणून टिकलंय."

पोरांच्या मंडळाचं नाव काय, तर अजून ठेवलं नाही. नाथाजीचा संशय पक्का झाला. टेपरेकॉर्डर त्यानं उलटासुलटा करून पाहिला आणि घोंगड्याखाली झाकून ठेवला.

"आवं, पोरं हायत, दरोडेखोर न्हाईत," चहा देताना तानूबाई, त्याची बायको, म्हणाली.

"दरोडेखोरबी कुणाची तरी पोरंच असत्यात."

शेवटी त्यानं तोंडी तीन चौक शिकवले. चौथा, नावाचा, गिळला. "एवढंच हाय," म्हणाला. रंगूनं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

श्रावणात सांगलीला प्रयोग होता. नाथाजी बाड उपरण्यात बांधून दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. परकं नाव कानावर आलं की भर सभेत उठून चोर धरायचा, हे एसटीतच ठरलं होतं.

पडदा उघडला. पोरांनी मागाचे लाकडी धोटे फळीवर आपटून ठेका चालू केला, रंगूनं हातोडा उचलला, आणि रायाप्पाचे शब्द खडीसारखे फुटू लागले. नाथाजीची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. त्यानं ती मुठीत आवळली. नाव येऊ दे आधी, मग बघू.

तिसरा चौक संपला. ठेका थांबला. नाव आलंच नाही.

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी विचारलं, "कवन कुणाचं म्हणायचं हे?"

रंगू पुढं आली. "रायाप्पाचं हाय आसं आमी ऐकलंय. पण नावाचा चौक आमाला मिळाला न्हाई. आमच्या पदरचं नाव कसं जोडायचं?"

नाथाजीनं उपरण्यातलं बाड चाचपलं. आयुष्यभर ज्या चोराची वाट पाहिली, तो दुसऱ्या रांगेत बसला होता.

तो उठला. "हाय चौक," म्हणाला. बाड सोडायची गरज नव्हती. आवाज चिरका लागला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला:

"रायाप्पा म्हणे, घागर भरण्याआधी
विचारा तहान कुणाची अधिक."

आकारामनं हलकेच धोटा आपटला. नाथाजीनं मान हलवली. "तसा न्हवं गड्या, जरा दमानं," म्हणाला, आणि चौक पहिल्यापासून धरला.