दोन्ही पाळा

‘विरोधाभास’ हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. पुढारी सकाळी एक बोलतो, संध्याकाळी त्याच्या नेमकं उलट, आणि पेपरात छापून येतं, विरोधाभास. अहो, त्याला थाप म्हणतात. पण मी तरी कोणत्या तोंडानं चिडू? या शब्दाच्या आडोशाला मी स्वतः बरीच वर्षं बसलो.

नव्वदच्या दशकात मी सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपचा सुपरवायझर होतो. पत्रा कापायच्या मशिनी. एकदा कँटीनवरून बिनसलं आणि युनियननं ‘नियमाने काम’ सुरू केलं. संप नाही, घोषणा नाहीत. भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेला प्रत्येक नियम पाळायचा, एवढंच. दर नगाला गार्ड, म्हणजे हाताआड येणारी जाळी, लावायची आणि मगच पायडल दाबायचं. दुपारपर्यंत उत्पादन निम्म्यावर आलं. मॅनेजरसाहेब माझ्यावरच उखडले, हे लोक नियम का पाळतायत म्हणून. कारवाई तरी कशाची करणार?

हा खरा विरोधाभास. ऐकायला उफराटं वाटतं, पण जरा विचार केला की उलगडतं: कारखाना रोज चालत होता तोच नियम मोडून.

पुढे समझोता झाला आणि साहेबांनी मला दोन सूचना दिल्या. गार्ड काढायचा नाही, आणि नग पूर्वीइतकेच निघाले पाहिजेत. दोन्ही कसं जमणार, असं मी विचारलं. ते हसले. “कामात थोडा विरोधाभास असतोच हो. तुम्ही फक्त सांगत जा.”

मी सांगत गेलो. पाळी सुरू होताना दोन्ही वाक्यं एका दमात. आणि कुणी गार्ड वर बांधून ठेवलेला दिसला की पाठ फिरवायची, हेही ठरलेलं.

पेठ तालुक्याकडचा एक टेम्पररी कामगार होता, भातलावणीला गावी जाणारा, माझ्याच वयाचा. त्याची बोटं प्रेसमध्ये गेली. चौकशीत मला विचारलं, गार्ड लावायला सांगितलं होतं का? मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते. नगांचं कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. सूचना मोडली म्हणून त्याला काढलं. गेटवर गाठलं त्यानं मला, बांधलेला हात छातीशी धरून.

“सायेब, आमाला तर दोन्ही सांगत व्हता. मंग तिथं एकच कसं सांगितलं?”

बस आली, चढलो.

पुढच्या दशकात मुलगी अकरावीला गेली, गंगापूर रोडच्या कॉलेजात. तिला तर्कशास्त्र होतं. विरोधाभास आणि व्याघात यांची रोजच्या जगण्यातली उदाहरणं आणायला सांगितली होती. ‘नियमाने काम’ ऐकून ती खूप हसली. मला जोर चढला, म्हटलं, अजून एक विरोधाभास घे, आणि त्या दोन सूचना सांगितल्या.

ती हसली नाही. “बाबा, हा विरोधाभास नाहीये. तो सुटतो तरी. इथे दोनातलं एक मोडावंच लागणार. हा सरळ व्याघात आहे.”

मी वैतागलो. म्हटलं, पुस्तकात ठीक आहे गं, कारखान्यात तसं नसतं.

“बरं, मग कुठलं मोडायचं ते कोण ठरवणार?”

“ज्याचा हात मशिनीत तो.” मी पटकन बोलून गेलो.

मग तिला सगळं सांगावंच लागलं. घरात तोवर कुणालाच माहीत नव्हतं. तिनं मला ना धीर दिला ना दोष. एवढंच विचारलं, की आता खोटं वाक्य कोणतं धरायचं? गार्ड लावा यात चूक नाही, नग काढा यातही नाही.

दोन्ही पाळता येतील, हे खोटं. साहेबांनी ते मला एकदाच सांगितलं होतं. मी ते त्या कामगाराला रोज सांगत होतो.