विमलाक्का आणि गच्चीवरच्या मुली

व्हाइटफील्डहून निघालेली ऑफिसची कॅब सिग्नलला अडकली होती, तेव्हा इराचा फोन आला. "आई, विमलाक्का गेल्या..." एवढंच माझी लेक म्हणाली. त्याला आता महिना होत आला. अक्कांचं नाव निघालं की लोकांना त्यांचं मोकळं हसणं आठवतं. मला मात्र आधी गच्ची आठवते.

पुण्याहून आम्ही बनशंकरीला आलो तेव्हा इरा दहा वर्षांची होती. इमारतीतल्या मुलींचा एक घट्ट गट होता आणि वरच्या मजल्यावरची तन्वी त्यांची म्होरकी. इराला कन्नड येत नव्हतं; ती बोलली की मुली एकमेकींकडे बघून हसायच्या. पुढे हसणंही थांबलं. ती खाली उतरली की खेळ बंद पडायचा, ती वर आली की पुन्हा सुरू. मला खिडकीतून सगळं दिसायचं, पण कुणाकडे तक्रार करावी असं त्यात काहीच घडत नव्हतं... तळमजल्यावरच्या विमलाक्का मुलींच्या शाळेतल्या निवृत्त खेळशिक्षिका. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, मराठी कन्नडात मुरलेलं. मी एकदा त्यांच्यापाशी रडले, तर म्हणाल्या, "स्वल्प थांब, मेधा. आपण मध्ये पडलो तर पोरी तिला खेळायला घेतील, पण आपली म्हणणार नाहीत." मला ते तेव्हा पटलं नाही.

आणि मग तो शनिवार. दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि दारातच थिजले. इरा कठड्यावर उभी होती. पलीकडे तीन मजले खोल. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं तर गटात घेऊ, अशी भोवती उभ्या मुलींची अट होती. निम्म्यावर येऊन तिचे पाय लटपटायला लागले होते. मी किंचाळणार, तोच मागून एक हात माझ्या तोंडावर आला. वाळत घातलेले सांडगे बघायला आलेल्या अक्का होत्या. त्या पुढे धावल्या नाहीत. वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाल्या, "तन्वी, तू सगळ्यांत जवळ आहेस. तिला धर."

तन्वीचे ओठ पांढरे पडले होते. "मला भीती वाटते, अक्का..."

"तिलाही वाटते. सरी, बरं, दोघी मिळून घाबरा. पाय रोव, दोन्ही हातांनी तिचं मनगट पकड. इरा, तन्वीकडे बघ. फक्त तन्वीकडे. आता हळूच खाली बस."

इरा बसली, मग तन्वीच्या अंगावर कोसळली. दोघी फरशीवर एकमेकींना घट्ट धरून पडून होत्या.

संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं. "कठड्यावर चढायला तन्वीनेच सांगितलं," बाकीच्या मुली एका सुरात म्हणाल्या. कठड्यावर चाललेली इरा त्यांना एकदम शूर वाटू लागली. तिला गटात घेतलं आणि तन्वीला टाकलं. आयांनीही आपापल्या मुलींना तिच्यापासून लांब ठेवलं. मला वाटलं, बरं झालं. अक्का मात्र अस्वस्थ होत्या. "गट तोच आहे ग. फक्त बाहेरची पोर बदलली. त्या दिवशी इरा चढली नसती, तर तन्वीचं पुन्हा कुणी ऐकलं नसतं. तिचं ते भय तुला नाही दिसलं?"

तेव्हापासून तन्वी इमारतीत एकटीच वावरताना दिसायची. गेल्या रविवारी अक्कांचं घर आवरायला म्हैसूरहून त्यांचा पुतण्या आला, म्हणून मी आणि इरा मदतीला खाली गेलो. आतल्या खोलीत तन्वी कॅरमच्या सोंगट्या मांडत बसली होती. पुतण्या हलकेच म्हणाला, "ही रोज शाळेतून इथेच यायची. चार वर्षं. अत्तेला दुसरं कुणी खेळायला नको असायचं."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. इराकडे पाहिलं, तर तिलाही नसावं. ती उंबऱ्यावरच थांबली. तेवढ्यात अंगणातून मुलींची हाक आली, "इरा, येतेस ना?" खिडकी उघडी होती; हाक तन्वीनेही ऐकली, पण मान वर केली नाही. अक्कांची खुर्ची समोर रिकामी... इराने माझ्याकडे पाहिलं. मी भांडी खोक्यात भरत राहिले. अंगणातून पुन्हा हाक आली.

इरा आत गेली आणि खुर्चीत बसली. "माझा नेम एकदम वाईट आहे," ती म्हणाली.

"अक्कांचाही होता," असं म्हणत तन्वीने स्ट्रायकर तिच्याकडे सरकवला.