नणंदेकडे दिलेले प्रवाळ
ब्लीचिंग पावडरचा वास आला की अकोटचं नणंदेचं घर आठवतं. अमरावती सोडायचं ठरलं तेव्हा मी माझे खाऱ्या पाण्यातले प्रवाळ टाकीसकट तिला दिले होते. दिवा लागला की ते कसे उमलतात, हे दाखवूनही दिलं होतं. निघण्याआधी मी आणि नवरा तिला भेटायला गेलो, तर टाकीत प्लास्टिकची फुलं होती आणि प्रवाळ शोकेसमध्ये, हाडांसारखे पांढरे. "ब्लीचिंगमधी बुडवले," ती म्हणाली. "अवं, जिवंत होते ना ते!" मी म्हणाले. "मालूम हाय मले. कसे आंग चोरत होते, पाहाले पायजे होतं तुमी." हसतच तिने एक प्रवाळ माझ्या हातात ठेवला. "घ्या वहिनी, नव्या घराले." नवरा म्हणाला, "छान दिसते." त्यानेच तो टीव्हीशेजारी मांडला आहे. धूळ मी पुसते.