बाबा झोपले होते तेव्हा

मागच्या रविवारी विहारात मला वीस-पंचविशीतल्या मुलांसमोर उभं केलं. चार अनुभवाचे बोल सांगा, म्हणाले. मी सांगितले. वेळेवर उठा, शिकत राहा, मोबाइल जरा बाजूला ठेवा. मुलांनी शहाण्यासारख्या टाळ्या वाजवल्या. सांगण्यासारखी गोष्ट एकच होती, ती तोंडातून निघाली नाही.

बाबा स्टील प्लांटात कामाला होते. त्यांची नाइट शिफ्ट असली की आमचं क्वार्टर दुपारपर्यंत मुकं. कुकर लावायचा नाही, रेडिओ नाही, फोनवरसुद्धा उशी. भट्टीसमोरून आलेल्या माणसाची झोप मोडायची नाही, हे आम्ही बहुतेक बोलायच्याही आधी शिकलो.

मी तेवीस वर्षांची असताना पुण्याहून फोन आला. नोकरी पक्की, पण दोनच्या आत होकार कळवा, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावतो. तेव्हा बारा वाजले होते. बाबांना विचारल्याशिवाय हो म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि बाबा आतल्या खोलीत झोपले होते. आई हळूच म्हणाली, "नाइट करून आले ते. उठवू नोको."

मी बंद दारापाशी बसून राहिले. आत कूलर घरघरत होता. दोन वाजले, मग अडीच. रडू वगैरे काही आलं नाही. चारला बाबा उठल्यावर सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाले आणि चहा प्यायले.

पुढे मी हथखोजच्या एका कारखान्यात लागले. अजून तिथंच आहे, गेटपास लिहिते. कोणी विचारलं तर ठीक आहे म्हणते, आणि खरंच तेवढंच वाटतं. त्याहून जास्त काही वाटायचं केव्हा बंद झालं, ते आठवत नाही.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं; आता आम्ही कुरुदला राहतो. विहारातून आले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते.

"काय सांगतलं पोराइले?"

"वेळेवर उठा म्हणून."

ते जरा सरकले, मला बसायला जागा केली. मग म्हणाले, "पुण्याचा फोन आला, त्या दिवशी मी जागाच होतो. दाराखालून तुयी सावली दिसून राहिली होती. तू दार वाजवशीन म्हून पडून राहिलो."

मला राग यायला हवा होता. आला नाही.

"मंग हाक कावून नाई मारली मले?"

"तू मोठी झाली होती न," बाबा म्हणाले.