रेषेच्या अलीकडचं मत

मूंटाला असताना थर्झा नॅनकिव्हेलने मत दिलं होतं. मूंटा ज्या वसाहतीत होतं, त्या साउथ ऑस्ट्रेलियात बायकांना तो हक्क मिळाला होता. साऱ्या वसाहतींनी मिळून एक देश व्हावं का, हे तिथे बायकांनाही विचारलं गेलं. रविवारची टोपी घालून थर्झा निघाली, तेव्हा आई म्हणाली, “एवढ्याशा फुलीसाठी नटायचं काय?”

“देवाकडे जाताना नटते ना? हेही तेवढंच.”

तिने ‘हो’समोरच्या चौकटीत फुली मारली.

पुढे मूंटाची तांब्याची खाण मंदावली. नवरा जेबेझ चांदीच्या खाणीवर लागला आणि बिऱ्हाड ब्रोकन हिलला आलं. सरहद्दीची रेषा ओलांडून, न्यू साउथ वेल्समध्ये. ती रेषा गावात कुणाच्या मनातच नव्हती. आगगाडी साउथ ऑस्ट्रेलियाच्या राजधानीची, अ‍ॅडलेडची, बिअर अ‍ॅडलेडची, घड्याळंसुद्धा अ‍ॅडलेडच्या वेळेवर. न्यू साउथ वेल्सची राजधानी सिडनी म्हणजे दूर कुठेतरी बसून कर मागणारं गाव. मग कायदाही अ‍ॅडलेडचाच, असं थर्झा धरून चालली होती. पहिल्या खेपेला न्यू साउथ वेल्समध्ये पुरेशी मतं पडली नव्हती, म्हणून एका देशाचा प्रश्न दुसऱ्यांदा मतदानाला आला, तेव्हा ती सरळ केंद्रावर गेली आणि तशीच परत आली. सिडनीच्या कायद्यात बायकांना मत नव्हतं.

“देश एक होऊ दे,” जेबेझ म्हणाला, “मग कायदाही एकच होईल.”

देश एक झाला. कमानी उभ्या राहिल्या, बँड वाजले. मार्चमध्ये पहिली निवडणूक आली. थर्झा पुन्हा केंद्रावर गेली. मेजामागचे मतदान अधिकारी ओकशॉटसाहेब म्हणाले, “नवऱ्याचा डबा आणलात? तो रांगेत असेल बघा.”

“मत द्यायला आलेय.”

रांगेत खसखस पिकली.

“बाई, देश एक आहे, कबूल. पण या खेपेला ज्या प्रांताचा जो जुना कायदा, तोच चालणार.”

“म्हणजे उद्या तिकडे मतदान, तर माझी आई मूंटाला मत देणार, आणि मी नाही? एकाच देशात?”

“मग जा की माहेरी!” मागून कुणीतरी ओरडलं. “गाडी आहे!”

ती घरी आली. धूळ रोजच्यासारखीच खिडकीतून आत येत होती. पुसलेलं टेबल तिने पुन्हा पुसलं.

जेबेझ दारात घुटमळला. “मी अजून गेलो नाही. सांग, कुणाला देऊ? तुझ्या मनातल्याला देतो.”

“उसनं नको मला.”

“अगं, तुला बरं वाटावं म्हणून...”

“जेबेझ, या देशाला ‘हो’ मी म्हटलं. तू त्या दिवशी खाडीवर मासे धरत बसला होतास. आणि आज मत तुला.”

त्याने टोपी उचलली. जाऊन स्वतःच्या मनाने मत देऊन आला. कुणाला, ते तिने विचारलं नाही.

पुढच्या वर्षी कायदा बदलला. त्यानंतरच्या निवडणुकीला, ऐन डिसेंबरच्या उन्हात, मेजामागे तेच ओकशॉट होते. आनंद होईल असं थर्झाला वाटलं होतं. पण वर आला तो जुनाच संताप.

“अभिनंदन, बाई!” ते मनापासून म्हणाले. “आयुष्यातलं पहिलं मत!”

“पहिलं नाही,” थर्झा म्हणाली. “पहिलं मूंटाला दिलं. मधली तुम्ही देऊ दिली नाहीत.”

ओकशॉट हसले. थर्झा हसली नाही. त्यांचं हसू ओसरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग कागद घेऊन आत गेली.