मालकीण

आमच्या कारखान्यात शाळांचे युनिफॉर्म शिवले जायचे. मी बारावी शिकलेली, म्हणून कुठलाही कागद आला की बायका तो माझ्याकडे आणायच्या. मला त्याचा गर्व होता, हे आज कबूल करते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरने चार पानी करार वाटला. "आजपासून तुमी कामगार न्हाय, स्वतंत्र व्यावसायिक. मालकिणी झालात की." मशीन त्यांचं, कापड त्यांचं, सकाळची बेल त्यांची आणि मालकिणी मात्र आम्ही! पण शब्द ऐकून सगळ्या हसल्या. "मालकीणबाई, जरा कात्री द्या," असं दिवसभर चाललं होतं.

शेजारच्या मशीनवरची मैत्रीण विणकरांच्या घरातली, तेलुगू शाळेत शिकलेली. मराठी फाडफाड बोलायची, वाचायला मात्र अडखळायची. मला अक्का म्हणायची. "अक्का, वाचून दाव की, मग सही करते," म्हणाली. डबा उघडा होता, बेल व्हायला आली होती. मी भराभर वाचलं आणि तिसऱ्या पानावरची बारीक अक्षरातली एक ओळ गाळली. तिने सही केली.

पुढच्या उन्हाळ्यात तिला सातवा लागला. तिने बाळंतपणाची रजा मागितली. "मालकिणीला रजा कोण देणार?" सुपरवायझर म्हणाला. "तुमची तुमीच मंजूर करा. पण सीझन हाय, मशीन रिकामं ऱ्हाणार न्हाय. दुसरी बसली की बसली." मग त्याने तीच ओळ बोट ठेवून दाखवली. प्रसूतीची रजा लागू नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मशीन सुरू केलं. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तापलेल्या पत्र्याखाली ती दिवस भरेपर्यंत शिवत राहिली. त्यांच्यात एकविसाव्या दिवशी बारसं असतं. ते झालं आणि बाविसाव्या दिवशी ती मशीनवर आली. दुपारपर्यंत ब्लाउज ओला व्हायचा. शर्टाच्या पांढऱ्या कापडाच्या चिंध्या ती आत दाबायची, नाही भागलं तर मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची. मी दार धरून उभी राहायचे. आतून पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज यायचा, म्हणजे ती रडत असायची. घरी सासू पोरीला बाटली पाजायची.

महिन्याभराने ती म्हणाली, "अक्का, पोरगी माझ्याकडं तोंड फिरवती. तिला बाटलीच पायजे."

तेव्हा कुठे मी तिला कामगार कार्यालयात नेलं. तिथले साहेब म्हणाले, कागदावर काय लिहिलंय त्यापेक्षा काम कसं चालतं ते आम्ही बघतो. त्यांनी बेलची वेळ विचारली, मशीन कोणाचं ते विचारलं. तक्रार मी लिहिली. मग तारखा पडत गेल्या. दरम्यान तिचं दूध आटलं.

निकाल आला तेव्हा पोरगी भिंत धरून चालत होती. ही कामगारच आहे, तिला प्रसूतीचे सगळे हक्क लागू होतात, असा निकाल. मी तो कागद घेऊन धावत तिच्या घरी गेले आणि उंबऱ्यातूनच वाचायला लागले.

तिने हाताने मला थांबवलं. पोरीला उचलून मांडीवर घेतलं.

"बस आधी," म्हणाली. "सावकाश वाच, अक्का. ह्या टायमाला एकबी ओळ सोडू नको."