नात्याचा रकाना

“सोबत काय देलंत?” चहा सांगायला कुणी खाली निघालं, तरी सरांचा हा प्रश्न ठरलेला. किटली दिली का, किती कप ते सांगितलं का. “रिकाम्या हातानं कुणाला पाठवू नका.”

परभणीत स्टेशनजवळच्या एका माडीवर ते कॉम्प्युटर शिकवायचे. पिंगळीहून रेल्वेनं यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी दारात चप्पल काढायला लावली, तेव्हा मी उखडलो. “देवळं सोडली आमी! हितं कशाला काढू?”

“देव न्हाई हो पुढारी, धूळ हाय.”

तेव्हापासून मी पुढारी.

विद्यापीठाचं नामांतर व्हायचं होतं. त्याची पत्रकं वाटता वाटता आम्ही चुडाव्याकडच्या एका गावात गायरान कसणाऱ्यांच्या वारसांची यादी करत होतो, जमीन त्यांच्या नावावर व्हावी म्हणून. हातानं लिहिलेली यादी कचेरीत कुणी वाचत नव्हतं. सर मोर्चात कधी दिसले नाहीत. मी त्यांना तोंडावर ‘कुंपणावरचे’ म्हणालो होतो. तरी रविवारी येऊन ते फुकट आमची यादी कॉम्प्युटरवर करून द्यायचे.

त्यांचा प्रोग्राम स्वतःलाच हाक मारायचा. आज्याचं नाव दिलं, की ते नाव मधे लावणारी माणसं शोधायची. मग त्या प्रत्येकाच्या नावानं पुन्हा तोच शोध. पण आपल्याकडं लेकरंही बापाचं नाव मधे लावतात आणि बायकोही नवऱ्याचं. म्हणून प्रत्येक हाकेसोबत नावाबरोबर नातंही खाली पाठवावं लागे.

मी नात्याचा रकाना कोराच आणला. मोर्चा दोन दिवसांवर होता.

“बायको बी लेक ठरंल, पुढारी.”

“लोकांना जमीन पायजे सर, तुमचा प्रोग्राम न्हाई. काढा ते नातं!”

त्यांनी काढलं.

सुनावणीत कारकुनानं मोठ्यानं वाचलं, “मयताला बायको नाही. ही लेक दिसते.” सगळी कचेरी हसली. मयताची म्हातारी विधवा उभीच राहिली. मला म्हणाली, “मालकाची लेक कवा झाले रे मी?” तिचं प्रकरण बाजूला पडलं.

भाषणं करणारा मी. हातातले कागद चाळत राहिलो. आमच्यासोबत आलेले सर मागून पुढं आले. “चूक माझी हाय, आजी.”

पुढचे चार रविवार ते त्या गावात घरोघरी नाती विचारत हिंडले. नवी यादी त्यांनी माझ्या हातात दिली आणि नोकरीसाठी पुण्याला गेले. पत्ता मी विचारला नाही.

आजीच्या नावापुढं ‘पत्नी’ लागलं, जमीनही लागली. त्या दिवशी तिनं फडक्यात शेंगा बांधल्या. “त्यो चुकलेला मास्तर हाय ना, त्याला दे. म्हणावं, माज्या मनात काई न्हाई.”

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. मान हलवली.

चुडाव्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहत त्या शेंगा मी एकट्यानं खाल्ल्या.